शिकारी मासे : ओळखावे कसे, धरावे कसे, निर्धास्त खावे कसे



आपल्या वऱ्हाडाला समुद्र नाही. पण पाणी समुद्रालाच जातं. वलगावच्या पुलाखालून वाहणारी पेढी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवाजवळ तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्राला. समुद्रात सुरमई असते तशी आपल्या डोहात मरळ असते. दोघी शिकारी. लहान माशांवर जगणाऱ्या, चवीला उत्तम आणि बाजारात भाव खाणाऱ्या.

मृगाचा पाऊस पडला, नाल्याला पहिलं गढूळ पाणी आलं की पोरंसोरं गळ घेऊन काठावर धावतात. त्याच दिवसांत वावरात पऱ्हाटीची लागवड होते, तणनाशक फवारलं जातं, मग पुढं कीडनाशक. ही दोन कामं एकाच पाण्याच्या काठी चालतात. म्हणून मासा धरण्याआधी आणि ताटात वाढण्याआधी चार गोष्टी माहीत असाव्यात. रेडिओवर थोडक्यात सांगितलेलं या पत्रकात सविस्तर दिलं आहे. घरात खुंटीला अडकवून ठेवा, शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.

शिकारी मासा म्हणजे कोणता?

रोहू, कटला, मृगळ हे मासे पाण्यातलं बारीक जीव, शेवाळ, कुजलेला पाला असं खातात. शिकारी मासा दुसरा मासा, बेडकाची पिल्लं, झिंगे, पाणकिडे गिळतो. आपल्या भागात नेहमी भेटणारे असे :

१. मरळ. अंग गोल, लांबट, डोकं सापासारखं चपटं. पाठीवरचा पर मानेपासून थेट शेपटीजवळ जातो. मोठी मरळ हातभर, कधी त्याहूनही लांब होते. हिच्या जातीतले वीतभर लांबीचे लहान मासे नाल्यात, बांधीत सापडतात, तेही शिकारीच.

२. शिवडा. खवले नाहीत. अंग चापट, पोटाखालचा पर फारच लांब. तोंड एवढं मोठं की फाट डोळ्याच्याही मागं जाते. मिशांच्या दोन जोड्या, त्यांतली एक लांब. मोठ्या नदीत हा मीटरभराहून मोठा होतो. अधाशी मासा, मिळेल ते गिळतो.

३. शिंगाडा. यालाही खवले नाहीत. मिशांच्या चार जोड्या. शेपटीजवळच्या मांसल परावर काळा ठिपका असतो. पाठीवर आणि दोन्ही बाजूंना टणक काटा.

४. वाम. सापासारखी लांब, तोंड टोकदार, पाठीवर बारीक काट्यांची रांग. दगडाच्या कपारीत राहते.

५. शिंगी. काळसर, वीतभर लांब. दिसायला गरीब, पण बाजूच्या काट्यात विष असतं. त्याबद्दल पुढं सांगितलंच आहे.

आधी पाहा, मग धरा

माशाची सवय कळली की अर्धं काम झालं. मरळीचंच घ्या. हिला कल्ले आहेत, पण नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. डोक्यात कल्ल्यांच्या वर हवा घेण्यासाठी एक पोकळी असते. ठराविक वेळानं ती वर येते, हवेचा घोट घेते आणि परत खाली जाते. सकाळच्या वेळी पाणी शांत असताना काठावर गुपचूप बसा. लव्हाळ्याच्या, शेवाळाच्या कडेला पाणी एकदम फुटतं, गोल वलय उठतं आणि काही मिनिटांनी तिथंच जवळपास पुन्हा उठतं. ती मरळ. इतर मासे असे नेमानं वर येत नाहीत.

हवा घेता येते म्हणून तर मरळ उन्हाळ्यात डोह आटला तरी चिखलात तग धरते. अंग ओलं राहिलं तर पाण्याबाहेर काही तास जिवंत राहते. बाजारात ती घमेल्यात जिवंत विकायला येते ती याच कारणानं.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट दिसेल. काठच्या उथळ पाण्यात, गवतात, नर-मादी मिळून थोडी जागा साफ करतात. तिथं मादी अंडी घालते. अंडी पिवळसर, पाण्यावर तरंगणारी. एक-दोन दिवसांत त्यांतून पिल्लं निघतात. पिल्लांचा रंग लालसर नारिंगी. शेकडो पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात फिरतो, दुरून पाहिलं तर पाण्यात तांबडा ढग हलतो आहे असं वाटतं. त्याच्या खालीच मायबाप पहारा देत असतात. बेडूक आला, दुसरा मासा आला तर अंगावर धावून जातात. पुंजक्याजवळ गळ टाकला तर मरळ रागानं त्यावर तुटून पडते. म्हणून काही लोक नेमकी तीच जागा शोधतात.

बंधूंनो, हा सौदा तोट्याचा आहे. राखणारी एक मरळ मारली की पुंजक्यातली पिल्लं एक-दोन दिवसांत इतर माशांच्या आणि पाखरांच्या पोटी जातात. एका ताटासाठी पुढच्या वर्षीचं सगळं पीक गेलं. बियाण्याची ज्वारी दळून खाण्यासारखंच हे. तांबडा पुंजका दिसला तर ती जागा सोडा.

शिवड्याची सवय वेगळी. तो दिवसा खोल डोहात पडून राहतो, रात्री शिकार करतो. पावसाच्या सुरुवातीला पूर आला की अंडी घालण्यासाठी वरच्या अंगाला, उथळ पाण्याकडं चढतो. पोटात अंडी असलेले शिवडे त्या वेळी नाल्यात सहज सापडतात आणि काठीनं मारले जातात. शिवडा आता जगाच्या पातळीवर धोक्यात आलेल्या माशांच्या यादीत गेला आहे. जून ते ऑगस्ट त्याला वर जाऊ द्या. दिवाळीनंतर तोच डोहात मोठा होऊन मिळेल.

धरावे कसे

पहिली गोष्ट, पाणी कुणाचं आहे ते पाहा. तलाव, धरण यांतल्या मासेमारीचा ठेका बहुतेक वेळा मच्छीमार सहकारी संस्थेकडं असतो. भोई, कहार बांधवांची पोटं त्यावर चालतात. ठेक्याच्या पाण्यात विचारल्याशिवाय जाळं टाकू नका. नदीतही गावच्या मच्छीमारांशी बोलून घ्या. माशांबद्दल जे त्यांना ठाऊक आहे ते पुस्तकात मिळत नाही.

गळ : मरळीसाठी गळ मजबूत असावा, दोर जाड. आमिष म्हणून लहान जिवंत मासा किंवा गांडूळ. गवताच्या कडेला, पाण्याच्या वरच्या थरात ठेवा. शिवड्यासाठी आमिष तळाजवळ आणि वेळ सांजेची. शिवड्याच्या तोंडात बारीक तीक्ष्ण दातांच्या पट्ट्या असतात. गळ काढताना बोट तोंडात घालू नका, चिमट्यानं काढा.

जाळं : फेकजाळं उघड्या पाण्यात चालतं, गवतात अडकतं. रात्री पाण्यात उभं लावून ठेवायचं जाळं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. मरळीला हवेसाठी वर यावंच लागतं. जाळ्यात अडकून वर येता आलं नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते. संध्याकाळी लावलेलं जाळं सकाळी उशिरा उपसलं तर त्यातली मरळ केव्हाची मेलेली असते आणि कोमट पाण्यात फुगायला लागलेली असते. जिवंत मरळीला जो भाव मिळतो तो मेलेलीला नाही, आणि खाण्यालाही ती धड नाही. म्हणून जाळं दोन-अडीच तासांनी पाहत जा. तेवढं जागणं जमत नसेल तर लावू नका.

बारीक आसाचं जाळं वापरू नका. मच्छरदाणीचं कापड तर नकोच. त्यात बोटाएवढी पिल्लं येतात, ती कुणाच्याच पोटाला पुरत नाहीत.

धरलेली मरळ ओल्या पोत्यात किंवा थोडं पाणी घातलेल्या घमेल्यात ठेवा. वरून जाळी किंवा फडकं बांधा, नाहीतर ती उडी मारून निघून जाते. उन्हात ठेवू नका.

हे कधीही करू नका

स्फोटक, विष आणि विजेची तार. या तिन्ही गोष्टींनी मासा मिळतो, पण गावाचं नुकसान होतं.

स्फोटक उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणं हा आजकालचा गुन्हा नाही. १८९७ च्या मासेमारी कायद्यापासून त्याला मनाई आहे. विजेच्या तारेनं मासे मारायला गेलेली माणसं स्वतःच पाण्यात पडून मेल्याच्या बातम्या दरसाल येतात. ओलं अंग, ओली जमीन आणि उघडी तार यांत वाचायला संधी मिळत नाही.

विषाचं तर नीट ऐका. कीडनाशकाचा डबा डोहात ओतला की मासे तरंगतात, हे काही जणांना माहीत आहे. कापसावरची अनेक औषधं, विशेषतः सायपरमेथ्रिनसारखी, माशांना अतिशय घातक असतात. पावसाच्या पाण्याबरोबर वावरातून थोडं आलं तरी मासे मरतात, मग मुद्दाम ओतल्यावर काय होईल? एंडोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, पण कोपऱ्यात पडलेले जुने डबे काही घरांत निघतात. असा मासा खाल्ला तर विष माणसाच्या पोटात जातं. तेच पाणी खाली ढोरं पितात, बाया कपडे धुतात, लेकरं पोहतात.

पाण्यावर मेलेले मासे दिसले तर

हा या पत्रकातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. श्रावण-भाद्रपदात एखाद्या सकाळी डोहावर मासे उलटे तरंगताना दिसतात. फुकटचे मासे म्हणून लोक टोपल्या भरतात. थांबा. आधी हे पाहा :

पहिला प्रकार, प्राणवायू कमी पडणं. ढगाळ दिवस, पाण्यात कुजकी घाण, सकाळची वेळ. रोहू, कटला, बारीक मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकतात आणि मरतात. पण मरळ, शिंगी हवेतून श्वास घेतात, म्हणून त्या शाबूत असतात.

दुसरा प्रकार, विष. सगळ्या जातीचे मासे एकदम मरतात. खेकडे, झिंगे, बेडकाची पिल्लं, पाणकिडेही मरतात. अर्धवट जिवंत मासे वेडेवाकडे गरगर फिरतात. आणि मुख्य खूण ही की मरळसुद्धा मरते. जी मरळ चिखलात महिना काढते ती एका रात्रीत मेली तर पाण्यात विष आहे असंच धरून चला.

तिसरा प्रकार, रोग. माशाच्या अंगावर लाल चट्टे, त्यांचे खोल व्रण, मांस उघडं पडलेलं. मरळीला हा रोग सर्वांत आधी होतो. भारतात तो १९८८ साली आला. एका बुरशीमुळं होतो आणि पावसाळा संपून पाणी थंड होऊ लागलं की जोर करतो. ही बुरशी माणसाला लागत नाही, पण जखमेत इतर जंतू वाढतात. व्रणाचा मासा खाऊ नका, विकूही नका. जमिनीत चुना टाकून पुरा.

तिन्ही प्रकारांत नियम एकच : पाण्यावर मेलेला सापडलेला मासा घरी आणायचा नाही. कोंबड्यांनाही टाकायचा नाही. विषाचा संशय असेल तर ढोरं त्या पाण्यावर नेऊ नका, खालच्या गावाला फोन करा, ग्रामपंचायतीला आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाला कळवा.

मासे खाल्ल्यावर किंवा त्या पाण्यात उतरल्यावर कुणाला उलट्या, तोंडाला लाळ, दरदरून घाम, डोळ्यांपुढं अंधुक, हातापायांना झटके, धाप असं झालं तर घरगुती उपाय करत बसू नका. मिठाचं पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखान्यात न्या. औषधाचा डबा माहीत असेल तर बरोबर न्या, त्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना उपचार लगेच सुरू करता येतो.

हे टाळायचं असेल तर फवारणीचा पंप नाल्यात धुऊ नका. धुतलेलं पाणी वावरातच, विहीर-नाल्यापासून दूर टाका. रिकामा डबा ठेचून निकामी करा. तो पाण्यात बुडवून पाणी भरायला वापरू नका.

मोठ्या शिकारी माशात विष का साठतं?

एक सोपा हिशेब पाहा. पाण्यात थोडंसं न विरघळणारं, न कुजणारं विष आहे. ते बारीक जीवांच्या अंगात गेलं. असे पुष्कळ जीव एका झिंग्यानं खाल्ले, पुष्कळ झिंगे एका लहान माशानं, पुष्कळ लहान मासे एका शिवड्यानं. प्रत्येक पायरीवर विष अंगात राहतं आणि वाढत जातं. म्हणून शिकारी मासा जितका मोठा, जितका म्हातारा, तितका त्याच्या अंगातला साठा जास्त.

जपानमध्ये मिनामाता नावाच्या खाडीत एका कारखान्याचं पारायुक्त पाणी जात होतं. तिथले मासे खाऊन कोळ्यांच्या घरातली माणसं आणि मांजरंसुद्धा लुळी पडली. तो रोग १९५६ साली उघडकीला आला. खाडी दिसायला स्वच्छच होती. पाणी नितळ दिसलं म्हणजे मासा शुद्ध, असं नसतं.

मग मासा खाऊच नये का? तसं नाही. मासा हे उत्तम अन्न आहे. एवढंच पाळा : शहराचा नाला किंवा कारखान्याचं सांडपाणी जिथं नदीला मिळतं त्याच्या खालच्या अंगाचे मासे खाऊ नका. धिप्पाड शिवड्यापेक्षा मध्यम मासा बरा. गरोदर बाया आणि लहान लेकरं यांना मोठ्या शिकारी माशांऐवजी लहान मासे जास्त वेळा द्या. चरबी, आतडी, डोक्यातला मऊ भाग त्यांना देऊ नका.

साफ करणे व शिजवणे

मरळीचं अंग बुळबुळीत. हाताला राख लावून धरा म्हणजे सुटत नाही. खवले काढा, पोट चिरून आतडी, कल्ले आणि पोटातला काळा पापुद्रा काढून टाका. दोन-तीन पाण्यानं धुवा. आतडी नदीत फेकू नका, खड्ड्यात पुरा.

माशाचं पित्त, म्हणजे हिरवट थैली, फुटू न देता काढा. काही ठिकाणी ते औषध म्हणून कच्चं गिळतात. रोहूच्या जातीच्या माशांचं पित्त गिळल्यानं मूत्रपिंडं बंद पडल्याच्या नोंदी आपल्या देशातल्या डॉक्टरांनी केल्या आहेत. कोणत्याही माशाचं पित्त पोटात घेऊ नये.

मरळीच्या मांसात कधी कधी बारीक जंताच्या अळ्या असतात. डोळ्याला त्या सहसा दिसत नाहीत. मासा कच्चा राहिला तर अळी माणसाच्या अंगात फिरते, कातडीखाली गाठी येतात, क्वचित डोळ्याला, मेंदूला इजा होते. काठावर काटक्या पेटवून वरवर भाजलेला मासा चवदार लागतो, पण मधला भाग लाल, कच्चा राहतो. मीठ-लिंबू लावून ठेवल्यानं किंवा नुसतं खारवल्यानं अळी मरेलच असं नाही. मासा मध्यापर्यंत शिजला पाहिजे. मांस पांढरं, अपारदर्शक झालं, काट्यापासून सहज सुटलं की शिजला असं समजा. रस्सा खळखळून उकळल्यावर तुकडे त्यात दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. कच्चा मासा चिरलेला विळा आणि पाट धुतल्याशिवाय त्यावर कांदा-कोथिंबीर चिरू नका.

मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादला दम्यासाठी औषध भरलेलं मरळीचं जिवंत पिल्लू गिळण्याची प्रथा आहे, हे पुष्कळांनी ऐकलं असेल. त्यानं दमा बरा होतो असा शास्त्रीय पुरावा नाही. ऐकीव गोष्टीवरून गावात कुणी डोहातलं पिल्लू लेकराला गिळायला लावू नये. दम्याचं औषध डॉक्टरांकडूनच घ्यावं.

शिंगीचा काटा लागला तर

काटा लागताच आग होते, ठणका वर चढतो. जखम धुवा, काट्याचा तुकडा दिसत असेल तर काढा. मग हात किंवा पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. या उष्णतेनं विषाचा जोर उतरतो. पाणी आधी दुसऱ्या माणसानं हात घालून पाहावं, कारण ठणक्यात भाजल्याचं कळत नाही. जखम चिरू नका, चोखू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. सूज वाढली, चक्कर आली तर दवाखाना गाठा.

बाजारातली सुरमई

अमरावती, अकोल्याच्या बाजारात समुद्राचे मासे बर्फात येतात. किनारा शेकडो किलोमीटर लांब. सुरमई, बांगडा यांच्या मांसात एक गुण असा की, बर्फ वितळून मासा उबदार राहिला तर जंतूंमुळं त्यात हिस्टामीन नावाचं द्रव्य तयार होतं. एकदा तयार झालं की ते तळून, उकळून जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगाला खाज सुटते, डोकं दुखतं, जुलाब होतात.

म्हणून घेताना पाहा : डोळा फुगीर व चमकदार, कल्ले लाल, मांस बोटानं दाबल्यावर परत वर येणारं, वास समुद्राचा पण घाण नाही. माशाच्या वजनाएवढा बर्फ असावा. दुपारी उन्हात हातगाडीवर बर्फाशिवाय पडलेली सुरमई स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. घरी येताना रस्त्यात पाहुणचाराला थांबू नका, आधी मासा घरी पोचवा.

शेततळ्यात शिकारी मासा शिरला असेल तर

'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली आणि बऱ्याच कास्तकारांनी तळ्यात रोहू-कटल्याचं बीज सोडायला सुरुवात केली. काही जण म्हणतात, "भाऊ, हजार बोटुकली सोडली, निघाली पन्नास. बाकी गेली कुठं?" पुष्कळदा ती मरळीच्या नाहीतर शिवड्याच्या पोटात गेलेली असतात. नाल्याचं पाणी तळ्यात घेताना त्याबरोबर त्यांची पिल्लं येतात.

उपाय असा. उन्हाळ्यात तळं पूर्ण आटवून तळ सुकू द्या. आटवणं शक्य नसेल तर जाळं पुन्हा पुन्हा ओढून मोठे मासे काढा. तरी शंका असेल तर मोहाची पेंड वापरता येते. प्रमाण, एक हेक्टर तळ्याला एक मीटर पाण्यासाठी २,५०० किलो. म्हणजे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद तळ्यात एक मीटर पाणी असेल तर २२५ किलो. पेंड भिजवून सगळीकडं पसरा आणि जाळं ओढा. मासे वर येतात, ते ताजे असताना धरून खाता येतात. पेंडीचा परिणाम साधारण तीन आठवडे राहतो, तोवर नवं बीज सोडू नका आणि ढोरांना ते पाणी पाजू नका. पुढं तीच पेंड खत होते. हा उपाय फक्त स्वतःच्या बंदिस्त तळ्यात आणि मत्स्यव्यवसाय विभागाला विचारून करायचा. नदी-नाल्यात नाही. नव्या पाण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा.

आणखी एक सूचना. झटपट वाढतो म्हणून कुणी थाई मांगूरचं बीज आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. हा परदेशी शिकारी मासा आहे, पाळायला २००० सालापासून बंदी आहे आणि २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं असलेले साठे नष्ट करायला सांगितले. पुरात तो तळ्यातून निसटला तर पेढी-पूर्णेतले आपले मासे फस्त करील. देशी मांगूर वेगळा, त्याला बंदी नाही.

जाता जाता

याच पेढीच्या काठी, वलगावजवळ, २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबा मांसाहाराच्या विरुद्ध होते. ज्यांनी माळ घातली आहे त्यांना मासा धरायला आम्ही सांगत नाही. पण त्यांच्या हातातला खराटा सगळ्यांसाठी होता. नदीत घाण टाकू नये, विषाचा डबा धुऊ नये, हे माळकऱ्यालाही लागू आहे आणि मासे खाणाऱ्यालाही. नदी साफ राहिली तर मरळ राहील, आणि मरळ आहे तोवर पाण्यात जीव आहे असं समजा.

लक्षात ठेवा :

१. तांबडा पुंजका दिसला की गळ काढून घ्या. जून ते ऑगस्ट अंडी घालणाऱ्या माशांना सोडा.

२. उभं जाळं दोन-अडीच तासांनी पाहा.

३. स्फोटक, विष, वीज यांना हात लावू नका.

४. तरंगणारा मेलेला मासा घरी आणू नका. मरळही मेली असेल तर पाण्यात विष समजा.

५. मासा मध्यापर्यंत शिजवा. पित्त फेका.

६. बर्फ नसलेली सुरमई नको.

७. फवारणीचा पंप आणि डबा नाल्यात धुऊ नका.